टीव्हीवरचं ओंगळ खटकलं, तर तक्रार कशी लिहायची आणि कोणत्या दारात न्यायची

रिॲलिटी शो आणि जाहिरातींविरुद्ध लिहिलेली बरीच तक्रारपत्रं गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला आली. सगळी आमच्या नागपूरचीच: कुणी महालातलं, कुणी मानेवाड्याचं, कुणी धरमपेठेतलं. सगळी पोटतिडकीनं लिहिलेली. आणि बहुतेक सगळी वाया गेली, कारण त्यांत राग होता पण तारीख नव्हती, वेळ नव्हती, नियम नव्हता आणि पत्ता चुकलेला होता. मानेवाड्याच्या एका आजीबाई म्हणाल्या होत्या, "काय दाखवतात जी हे, नातवंडांसमोर टीव्ही लावाची सोय नाही राहिली." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्यांच्या पत्रात मात्र वाहिनीचं नावसुद्धा नव्हतं.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं करा. क्रम बदलला की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पायरी 1: आवडलं नाही की नियम मोडला, हे आधी ठरवा

इथंच सगळ्यांत जास्त तक्रारी पडतात, म्हणून इथं घाई करू नका.

2009 साली 'सच का सामना' या कार्यक्रमात लोक कॅमेऱ्यासमोर आपल्या खासगी आयुष्यातल्या गोष्टी कबूल करत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयानं कार्यक्रम थांबवायला नकार दिला. सज्ञान माणूस स्वखुशीनं काही सांगतो आहे आणि ते ऐकताना आपल्याला किळस येते, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. ती उभी राहते ठरावीक नियमावर.

तो नियम आहे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधला. त्यातला नियम 6 म्हणजे कार्यक्रम संहिता आणि नियम 7 म्हणजे जाहिरात संहिता. केबल असो वा डिश, खासगी वाहिन्यांना या संहिता पाळाव्याच लागतात. सामान्य प्रेक्षकाच्या कामाच्या गोष्टी अशा:

नियम 6 प्रमाणे सुरुची किंवा सभ्यतेला धक्का देणारं, स्त्रियांची अवहेलना करणारं, मुलांची अवहेलना करणारं, अंधश्रद्धेला उत्तेजन देणारं काही दाखवता येत नाही. एखाद्या प्रदेशाच्या किंवा भाषेच्या लोकांना तुच्छतेनं, हिणवून रंगवणारी दृश्यं आणि शब्दही या नियमात बसत नाहीत. हे आपल्याकडच्या फार कमी लोकांना ठाऊक असतं. विनोदी स्पर्धांमध्ये वऱ्हाडी बोलणारा माणूस दर वेळी मूर्ख किंवा दारुडाच का असतो, असा प्रश्न पडत असेल तर त्याला बसायला नियमात जागा आहे. याच नियमाचा उपनियम 5 सांगतो, की मुलांसाठी योग्य नसलेला कार्यक्रम, मुलं मोठ्या संख्येनं टीव्ही बघत असतात त्या वेळेत दाखवू नये.

नियम 7 चा उपनियम 8 जाहिरातींसाठी आहे. अश्लील, हिणकस, सूचक किंवा किळसवाणी मांडणी टाळावी, असं तो सांगतो. याच नियमानुसार जाहिरात ही जाहिरात म्हणून कार्यक्रमापासून वेगळी ओळखू यायला हवी, आणि तिचा आवाज अवाजवी मोठा नको. सिगारेट, तंबाखू, दारू यांच्या जाहिरातींना मनाई आहे.

*तपासणी:* एक वाक्य लिहा, पण त्यात विशेषण एकही नको. "घाणेरडा कार्यक्रम" हे चालणार नाही. "परीक्षकानं आठ वर्षांच्या मुलीला तिच्या बॉयफ्रेंडचं नाव विचारलं आणि प्रेक्षक हसले" हे चालेल. असं वाक्य लिहिता आलं, तर तक्रार आहे. नाही आलं, तर तो कार्यक्रम बंद करणं हाच उपाय, आणि तो काही कमी दर्जाचा उपाय नाही.

पायरी 2: त्याच रात्री टिपून ठेवा

दुसऱ्या दिवशी आठवेल या भरवशावर राहू नका. दृश्य आठवतं, वेळ आठवत नाही, आणि तक्रारीला वेळच लागते. एका कागदावर हे लिहा:

- वाहिनीचं पूर्ण नाव. एकाच समूहाच्या मराठी, हिंदी आणि एचडी वाहिन्या वेगळ्या असतात. "ती निळ्या गोल चिन्हाची" असं लिहून भागत नाही.
- तारीख आणि घड्याळातली वेळ, मिनिटासकट. सेट टॉप बॉक्सवर दिसणारी वेळ घ्या.
- मूळ प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण की प्रोमो.
- नेमकं कोण काय म्हणालं. शक्य तितकं शब्दशः, सूत्रसंचालक की परीक्षक की स्पर्धक हे सांगून.
- जाहिरात असेल तर उत्पादनाचं नाव, आणि ती कोणत्या कार्यक्रमाच्या मध्ये लागली ते.

प्रोमो हा शब्द ठळक करा. रात्री साडेदहाच्या शोमधलं भांडण, शिवीगाळ, रडारड यांचे सगळ्यांत भडक तुकडे संध्याकाळी सहा-सात वाजता, घरी मुलं गृहपाठ करत असताना दाखवले जातात. अशा वेळी कार्यक्रमापेक्षा प्रोमोविरुद्धची तक्रार जास्त पक्की असते, कारण "हा उशिराचा कार्यक्रम आहे" हा बचाव तिथं चालत नाही.

दुपारच्या पुनःप्रक्षेपणाचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. शाळेला सुट्ट्या, बाहेर ऊन, आणि पोरं दिवसभर कूलरसमोर टीव्ही लावून बसलेली. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला जसाच्या तसा लागला असेल, तर तक्रार त्या दुपारच्या प्रक्षेपणावर करा. वाहिन्यांच्या स्वनियमनात फक्त मोठ्यांसाठीच्या कार्यक्रमांची वेळ रात्री 11 ते पहाटे 5 अशी धरली आहे.

रेकॉर्डिंग नसलं तरी अडत नाही. वाहिन्यांना प्रक्षेपित केलेला मजकूर 90 दिवस जपून ठेवावा लागतो. तुम्ही वेळ अचूक दिली तर पुरावा त्यांच्याकडेच असतो. मात्र म्हणून 90 दिवस थांबू नका. आठवड्याच्या आत पाठवाच.

*सावधान:* तो तुकडा मोबाइलवर टिपून कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नका, विशेषतः त्यात लहान मूल असेल तर. ज्या मुलीचा अपमान झाला म्हणून आपण चिडलो, तिचाच अपमान आपण दोनशे लोकांना पुन्हा दाखवतो. चित्रीकरण केलंच असेल तर ते फक्त तक्रारीसोबत जोडा.

पायरी 3: दार ओळखा

माझी स्वतःची पहिली तक्रार इथंच अडकली होती. एका जाहिरातीविरुद्धचं पत्र मी पोलीस ठाण्यात दिलं. तिथं ते ठेवून घेतलं, आणि त्याचं पुढे काहीच झालं नाही. चूक पत्त्याची होती.

*मनोरंजन वाहिनीवरचा कार्यक्रम:* आधी वाहिनीकडे. समाधान झालं नाही तर वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे. बहुतेक मोठ्या मनोरंजन वाहिन्यांसाठी ही संस्था म्हणजे 2011 साली स्थापन झालेली ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल, म्हणजे बीसीसीसी. त्यानंतर केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय.

*जाहिरात, कुठल्याही माध्यमातली:* ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की. टीव्ही, वर्तमानपत्र, मोबाइलवरचे व्हिडिओ, सीताबर्डीतलं होर्डिंग, सगळं यात येतं.

*जाहिरात ओंगळ नाही, पण खोटी आहे:* राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. फसव्या जाहिरातीची लेखी तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पण "जाहिरात बघवत नाही" ही तक्रार 1915 वर सांगू नका, ते त्यांचं काम नाही.

*शहरातल्या केबलचालकाची स्थानिक वाहिनी:* यासाठी पुण्या-मुंबईचा पत्ता शोधू नका. केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा. केबलवरच्या मजकुरावर लक्ष ठेवायला जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीची तरतूद आहे आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्जात समितीचा उल्लेख करा. रात्रीच्या वेळी स्थानिक वाहिन्यांवर चालणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांच्या आणि वशीकरणाच्या जाहिरातींसाठी हेच दार.

*ओटीटीवरचा शो:* त्या कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधनकारक आहे. इथं वेळेचा मुद्दा चालत नाही, कारण कार्यक्रम कधीही बघता येतो. वयाचं वर्गीकरण तपासा: 7, 13 किंवा 16 वर्षांपुढच्यांसाठी की फक्त प्रौढांसाठी. वर्गीकरण चुकीचं असेल तर तक्रार तिथं धरा.

पायरी 4: पत्र लिहा

एक पान पुरे. संस्कृती, पाश्चात्त्यांचं अनुकरण, आजची पिढी, यावर एक ओळही नको. वाचणाऱ्याला त्यातून ठरवता येण्यासारखं काहीच मिळत नाही, आणि मुख्य मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात जाऊन पडतो. हे मी कळकळीनं सांगते, कारण फार चांगली माणसं फार चांगल्या भाषेत हीच चूक करतात.

असं लिहू नका:

"महोदय, आपल्या वाहिनीवरील नृत्याच्या कार्यक्रमात लहान मुलांकडून अत्यंत अश्लील प्रकार करवून घेतले जातात. यामुळे समाजाचे अधःपतन होत असून हा कार्यक्रम त्वरित बंद करावा."

असं लिहा:

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (वाहिनीचे नाव). विषय: (कार्यक्रमाचे नाव), दि. (तारीख), दुपारी 2.17 वाजताचे पुनःप्रक्षेपण. या प्रसंगात अंदाजे आठ वर्षांची स्पर्धक मुलगी नृत्य संपवून उभी असताना परीक्षकांनी तिला 'तुझा बॉयफ्रेंड कोण?' असे विचारले. तिने मान खाली घातली. त्यानंतर सूत्रसंचालकांनी तिच्या वयाच्या मुलाला मंचावर बोलावून दोघांची जोडी लावली. हा प्रकार सुमारे तीन मिनिटे चालला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधील नियम 6 नुसार मुलांची अवहेलना करणारा मजकूर दाखवता येत नाही. हे प्रक्षेपण शाळेच्या सुट्टीत दुपारी झाल्यामुळे नियम 6 चा उपनियम 5 देखील लागू होतो. माझी मागणी: हा भाग पुनःप्रक्षेपणातून व ऑनलाइन आवृत्तीतून काढावा आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी."

खाली नाव, पत्ता, फोन, तारीख.

शेवटची मागणी नीट बघा. कार्यक्रम बंद करा, असं मागितलेलं नाही. 2010 साली मंत्रालयानं 'बिग बॉस'ला रात्री 11 नंतरची वेळ घालून दिली, तेव्हा वाहिनीनं मुंबई उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती मिळवली. अख्ख्या कार्यक्रमाला हात घातला की वकील उभे राहतात. तीन मिनिटं काढायला सांगितली तर काढली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

मुलांच्या नाचाच्या स्पर्धांबद्दल लिहिताना आणखी एक आधार जोडा. जून 2019 मध्ये मंत्रालयानं सगळ्या खासगी वाहिन्यांना सूचना दिली होती, की नृत्याच्या रिॲलिटी शोमध्ये मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या, सूचक पद्धतीनं दाखवू नका. पत्रात एका ओळीत तिचा उल्लेख करा.

*चूक:* एकाच मजकुरावर पन्नास जणांच्या सह्या घेणं. सह्यांनी नियमभंग मोठा होत नाही. त्यापेक्षा तीन घरांतून, तिघांनी स्वतः बघितलेल्या तीन वेगवेगळ्या प्रसंगांची तीन पत्रं जाऊ द्या.

पायरी 5: पाठवा आणि दिवस मोजा

वाहिनीच्या कार्यक्रमांच्या खालून अधूनमधून एक पट्टी सरकते, "या कार्यक्रमाबाबत तक्रार असल्यास" अशी. पत्ता आणि ईमेल तिथून किंवा वाहिनीच्या संकेतस्थळावरून घ्या. ईमेलच पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

जून 2021 मध्ये केबल नियमांत बदल होऊन मुदती ठरल्या. वाहिनीनं 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय कळवायचा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या 15 दिवसांत तुम्ही स्वनियमन संस्थेकडे अपील करायचं. संस्थेला 60 दिवस आहेत. तिचाही निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत केंद्र सरकारकडे.

यातली दोन वेळची 15 दिवसांची मुदत तुमची आहे, आणि लोक तीच चुकवतात. वाहिनीकडून "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार" असं गोड उत्तर येतं, माणूस वाट बघत बसतो, आणि अपिलाचे दिवस निघून जातात. तक्रार पाठवली त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन तारखांना गोल करा: पंधरावा दिवस आणि तिसावा दिवस.

जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार असाल तर अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी आणायची. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" याला पोच म्हणत नाहीत. सकाळी अकराच्या सुमारास गेलेलं बरं.

*तपासणी:* पोच आली का? 24 तासांनी नसेल तर तोच ईमेल, पहिल्या ईमेलची तारीख लिहून, पुन्हा पाठवा.

पायरी 6: जाहिरात असेल तर

आस्कीकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. संकेतस्थळावर अर्ज आहे, आणि 77100 12345 या क्रमांकावर व्हॉट्सॲपही करता येतं. वर्तमानपत्राचं कात्रण किंवा होर्डिंग असेल तर फोटो काढून पाठवला की झालं. होर्डिंगच्या फोटोत आजूबाजूची खूण येऊ द्या आणि चौकाचं नाव लिहा. होर्डिंगबाबत महापालिकेच्या झोन कार्यालयातही अर्ज द्या. शहरात दहा झोन आहेत, ते होर्डिंग ज्या झोनमध्ये आहे त्याच झोनला.

आस्कीच्या संहितेचे चार भाग आहेत. ओंगळपणाचा मुद्दा दुसऱ्या भागात येतो: जाहिरात लोकांच्या सभ्यतेच्या सर्वसाधारण कल्पनांना दुखावणारी नसावी. खोटे दावे पहिल्या भागात, आणि धोकादायक कृती किंवा मुलांना अपाय होईल अशा गोष्टी तिसऱ्या भागात. तुमची तक्रार कोणत्या भागात बसते ते लिहिलंत तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं. काळ्या रंगाला अपयश जोडणाऱ्या गोरेपणाच्या जाहिरातींसाठी 2014 पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बायकांना साच्यात बसवून हिणवणाऱ्या जाहिरातींसाठी 2022 पासून.

लवकर काम होऊ शकतं का? होतं. जून 2022 मध्ये एका बॉडी स्प्रेची जाहिरात आली होती. दुकानात एकटी मुलगी, मागे चार पुरुष आणि बलात्काराची भीती वाटावी असा द्व्यर्थी संवाद. लोकांनी त्या संवादावर नेमकं बोट ठेवलं. आस्कीनं चौकशी पूर्ण होण्याआधीच ती थांबवायला सांगितलं आणि मंत्रालयानं ट्विटर व यूट्यूबला ती काढायला लावली. त्यामुळे जाहिरात उघड उघड घातक असेल तर तक्रारीत "चौकशी होईपर्यंत स्थगिती द्यावी" ही मागणी जरूर घाला.

यंत्रं, ताईत, वशीकरण यांच्या जाहिरातींबाबत महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा हाताशी आहे. डिसेंबर 2013 मध्ये आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात तो मंजूर झाला. चमत्कारी यंत्रांच्या टीव्हीवरच्या जाहिराती या कायद्यानुसार बेकायदेशीर आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. इथं मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीला पोलीस ठाण्याचंही दार बरोबर आहे.

पायरी 7: तुमचंच मूल शोमध्ये जाणार असेल तर

ऑडिशनची जाहिरात बघून आईबाप मुलांना घेऊन मुंबईला निघतात. विचारायच्या गोष्टी मात्र निघण्याआधी विचारायच्या असतात, मंचावर मूल रडायला लागल्यावर नाही.

बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे मुलाकडून दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. निर्मात्याला चित्रीकरण जिथं होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सलग 27 दिवसांच्या वर काम नको. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवा. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असली पाहिजे.

करारपत्र इंग्रजीत असेल तर ते समजून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यात दोन गोष्टी शोधा: मुलाचं चित्रण कसंही संपादित करण्याचा हक्क, आणि ते कायमचं वापरण्याचा हक्क. पहिल्या हक्काच्या जोरावर मुलाचं साधं अडखळणं विनोदी आवाज लावून दाखवता येतं. घराची गरिबी, वडिलांचं आजारपण हे कॅमेऱ्यासमोर सांगायचं नसेल, तर तसं लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं संपादनाच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

*तपासणी:* परवानगीची प्रत मागा. "ते आमचं आम्ही बघतो" असं उत्तर आलं, तर परतीचं तिकीट काढा.

उत्तर आल्यावर

निर्णय तुमच्या बाजूनं लागला तर वाहिनी बहुधा प्रसंग काढते, वेळ बदलते किंवा दिलगिरीची पट्टी चालवते. पण तोच भाग ऑनलाइन तसाच राहतो, आणि तिथं तो रोज बघितला जातो. महिन्याभरानं वाहिनीच्या ॲपवर आणि यूट्यूबवर जाऊन तो प्रसंग शोधा. अजून असेल तर निर्णयाची प्रत जोडून त्याच तक्रार क्रमांकावर एक ओळ लिहा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या दुव्यावर तो अजून दिसतो आहे.